कर्जातलं घर आणि कुळाची जमीन

॥ श्रीगुरवे नमः ॥



या वेळचा प्रश्न तीन ठिकाणांहून आला आहे. बडोद्याहून, हैदराबादहून आणि फोंड्याहून. शब्द वेगळे, पण प्रश्न एकच. शहरात कर्ज काढून फ्लॅट घेतला. आज तो विकायला काढला तर हातात येतील त्यापेक्षा जास्त पैसे बँकेला देणं आहे. गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे. मग फ्लॅट तोट्यात विकावा, वरची रक्कम कशीतरी भरावी आणि आपल्या जमिनीवर घर बांधावं, हे योग्य आहे का? तिघांनीही "योग्य" हाच शब्द वापरला, "फायद्याचं" असं कुणी विचारलं नाही. फायद्याचं विचारलं असतं तर एखाद्या सीएकडे पाठवून आम्ही मोकळे झालो असतो. योग्य-अयोग्य विचारलंय म्हणून आपण मिळून विचार करू.

पण आधी हिशेब करू या, कारण हिशेब न समजता धर्म सांगणं सोपं असतं. समजा फ्लॅट 60 लाखांचा. बँकेनं 48 लाख दिले, साडेआठ टक्के व्याज, मुदत 20 वर्षं. हप्ता पडतो सुमारे 41,650 रुपये. चार वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला तर जवळजवळ 20 लाख रुपये जातात. त्यातलं मुद्दल किती फिटतं? साधारण 4 लाख 36 हजार. बाकी सगळं व्याजात. म्हणजे देणं उरतं 43 लाख 64 हजारांच्या आसपास. मध्ये फर्निचरसाठी टॉप-अप घेतलेलं असलं आणि त्यातले साडेचार लाख राहिले असले तर एकूण देणं 48 लाखांच्या वर. चार वर्षं घाम गाळून माणूस जिथून निघाला तिथंच! त्यात कर्ज बदलत्या दराचं असेल तर आणखी गंमत. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. पुष्कळांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत वाढत गेली, आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता विकायला जावं तर त्याच बिल्डरचा पुढचा टप्पा शेजारीच चालू असतो. गिऱ्हाइकाला कोरा फ्लॅट मिळत असताना आपला वापरलेला तो कशाला घेईल? भाव येतो 42 लाख. सहा लाखांचा खड्डा. सुरुवातीला पदरचे घातलेले 12 लाख आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च तर गेलाच.

इथं पहिली गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. किंमत उतरली म्हणून छप्पर गळत नाही. फ्लॅटमध्ये आपण राहतो, मुलांची शाळा जवळ आहे, हप्ता झेपतो आहे, तर तो सहा लाखांचा खड्डा कागदावरच आहे. विकाल तेव्हाच तो खरा होईल. शेजारच्या विंगमधल्या कुणीतरी स्वस्तात विकला म्हणून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांनी आणखी काही वर्षं शांतपणे राहावं असंच आम्ही म्हणू. पुढे मुद्दल भराभर उतरायला लागतं आणि खड्डा आपोआप लहान होतो. पण काहींना थांबणं शक्य नसतं. नोकरी गेली आहे, किंवा गावी आई-वडील थकले आहेत आणि त्यांना शहरातल्या सातव्या मजल्यावर आणणं म्हणजे कोंडून घालणं आहे. अशांसाठी हा प्रश्न खरा आहे.

दुसरी गोष्ट लाजेची. "घर विकलं" हे वाक्य आपल्याकडे अजून "घर बुडालं" यासारखं उच्चारतात. त्यामुळे तोटा झाला की माणूस आधी तो लपवतो. बायकोला अर्धाच आकडा सांगतो, वडिलांना तेवढाही नाही. पण तोटा म्हणजे पाप नव्हे. बाजार उतरला यात कुणी कुणाचं लुबाडलेलं नाही. उलट तोट्यात विकून, वरचे सहा लाख पदरचे घालून जो बँकेचं देणं पुरं करतो, त्यानं दिलेला शब्द पाळला आहे. त्याच्याकडे बघून मान खाली घालण्याचं कारण आम्हाला तरी दिसत नाही.

आपल्यातल्या काहींची मुलं अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडून ऐकलेलं असतं की 2008 नंतर तिकडे पुष्कळांनी घराच्या किल्ल्या बँकेला पाठवल्या आणि मोकळे झाले. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत राहत्या घराच्या मूळ कर्जाला बँक फक्त त्या घरावरच हात टाकू शकते, कर्जदाराच्या बाकी मिळकतीवर नाही, म्हणून ते जमलं. आपल्याकडे तसं नाही. गृहकर्जाच्या कागदावर आपण स्वतः बांधलेले असतो. बँकेनं घर लिलावात काढलं आणि पैसे कमी पडले तर उरलेल्यासाठी ती आपल्याकडेच येते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बँक म्हणजे कुणीतरी परका सावकार असं वाटतं ते तितकंसं खरं नाही. तिथं आपल्याच काकूंच्या पेन्शनच्या ठेवी आहेत.

म्हणजे मूळ प्रश्न विकावं की नाही हा राहत नाही. प्रश्न असा, की तो सहा लाखांचा खड्डा कुणाच्या अंगावर जातोय?

व्यवहारात हे फार लवकर समोर येतं. कर्ज चालू असलेला फ्लॅट विकताना गिऱ्हाइकाचे किंवा त्याच्या बँकेचे पैसे आपल्या बँकेत जातात, आणि फरक आपण भरल्याशिवाय बँक बोजा उतरवत नाही. म्हणजे सहा लाख आधी रोख उभे करावे लागतात. (कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत द्यायचे, आणि बँकेच्या दोषानं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. हे माहीत असू द्या. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंडही लागत नाही.) हे सहा लाख उभे करताना माणसाची परीक्षा होते. एक जण भिंतीतली ओल रंगाखाली झाकतो आणि दुसऱ्या कुटुंबाच्या गळ्यात घर बांधतो. दुसरा हप्ते थांबवून बँक तडजोडीला येईल याची वाट बघतो. तिसरा बायकोच्या दागिन्यांकडे बघतो.

दागिन्यांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपल्या घरांतून हे "आपलंच आहे की" म्हणून होतं. स्त्रीधन बाईचं एकटीचं असतं. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात पुन्हा हेच सांगितलं, की नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. अडचणीत त्यानं वापरलं तरी परत करण्याचं नैतिक बंधन त्याच्यावर राहतं. न्यायालयानं नैतिक हा शब्द वापरावा याचं आम्हाला समाधान वाटलं. वहिनींनी आपणहून पाटल्या काढून दिल्या तर त्या नाकारून त्यांचा अपमान करू नये. पण घेतल्या तर वजन लिहून ठेवावं, आणि नवीन घराला मार्बल बसवायच्या आधी त्या परत करायच्या.

आता जमीन. इथं आम्हाला जरा जास्त थांबायचं आहे, कारण फ्लॅटच्या तोट्यापेक्षा जास्त घरं इथं तुटताना पाहिली आहेत.

"गावाकडे आपली जमीन आहे" असं आपण सहज म्हणतो. "आपली" म्हणजे कुणाची? उतारा काढून बघावा. गोव्यात एक-चौदाचा उतारा, बेळगावकडे पहाणी, गुजरातेत सात-बारा, इंदूर-ग्वाल्हेरकडे खसरा-खतौनी. पुष्कळदा त्यावर आजोबांचं नाव असतं, किंवा वडील आणि दोन काकांचं. बहिणींची नावं लागलेली नसतात, आणि नाव लागलेलं नाही म्हणून हक्क नाही असा आपला गोड गैरसमज असतो. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. कर्नाटकात तर राज्याच्या कायद्यानं 1994 मध्येच अविवाहित मुलींना तो मिळाला होता. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी हा हक्क जात नाही, हे 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. वडिलांची स्वकष्टाची जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलं, मुली आणि आई सगळ्यांना सारखा वाटा. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच मुलीचा वाटा मुलाएवढा आहे, आणि लग्नात वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत एक धरतात. त्यामुळे तिकडे वडिलोपार्जित जागेच्या कागदावर बहिणीबरोबर जावयाचीही सही लागते.

हे सगळं वकिलाचं काम झालं. आमचा मुद्दा वेगळा आहे. शहरातल्या तोट्यातून सुटण्यासाठी जेव्हा आपण सामाईक जमिनीवर घर बांधायला निघतो, तेव्हा आपण जमिनीची किंमत शून्य धरतो. "जागेचे पैसे नाहीत, फक्त बांधकाम" असं म्हणतो. जागेचे पैसे नाहीत कसे? ते बहिणींनी आणि चुलत्यांनी दिलेले असतात, फक्त त्यांना विचारलेलं नसतं. रस्त्याकडेची जागा आपण घेतली की मागचा तुकडा त्यांच्या वाट्याला. म्हणजे सहा लाखांचा खड्डा बुजला असं वाटतं, पण माती त्यांच्या अंगणातून उचललेली असते.

मग हक्कसोड पत्र होतं. कधी होतं? चतुर्थीला, भाऊबीजेला. कारण तेव्हा सगळी जमलेली असतात. ताट पुढे आहे, ओवाळणी झाली आहे, आणि भाऊ म्हणतो, ताई, तेवढी एक सही हवी होती. ती करते. भाऊ सगळ्यांना सांगतो, आमच्या ताईनं हसत सही केली. आम्ही विचारतो, ती नाही म्हणाली असती तर पुढच्या वर्षी तिला त्याच मायेनं बोलावणं गेलं असतं का? वहिनी उंबऱ्यावर तशाच आल्या असत्या का? "नाही" म्हटल्यावर जिचं माहेर तुटतं, तिच्या "हो"ला संमती म्हणता येत नाही. कागद कायद्यानं पक्का असेल. मनानं तो कच्चाच राहतो, आणि पुढच्या पिढीत भाचे तो उकरून काढतात.

हा लेख कुटुंबाच्या ग्रुपवर जातो, हे आम्हाला माहीत आहे. भाऊ वाचतील तसं बहिणीही वाचतील. काही जणांना हे बोलणं टोचेल. टोचलं तर फॉरवर्ड करू नका, पण घरात बोला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जो मुलगा गावी परत जातो तो म्हातारपणी आई-वडिलांजवळ असतो. देवघरात दिवा लागतो, कुळाचार चालतात, मे महिन्यात भाचरांना यायला घर राहतं. पुण्या-मुंबईहून वा दुबईहून फोनवर "आईला जप रे" म्हणणाऱ्यांपेक्षा त्याचं काम मोठं आहे. त्याला जमिनीत थोडं जास्त मिळावं, हे न्यायाचंच असू शकतं. पण ते त्यानं मागावं आणि बाकीच्यांनी समजून द्यावं. आपण सेवा करतो म्हणून परस्पर घेऊन टाकावं, हे नव्हे. सेवेचा मोबदला परस्पर कापून घेतला की मागे सेवा किती उरली, हे ज्याचं त्यानं बघावं.

तुकोबांची एक गोष्ट आपण सगळे जाणतो. घराण्याच्या सावकारीच्या कर्जखतांचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले. त्यातला एक भाग आपण घाईत विसरतो. परंपरा सांगते की आधी कागदांच्या वाटण्या झाल्या. निम्मे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले. बुडवले ते फक्त स्वतःच्या वाट्याचे. विरक्ती एवढी टोकाची, आणि तरी भावाच्या हिश्श्याला हात लावला नाही. आपण संसारी माणसं. आपल्याला वैराग्य एवढं साधणार नाही, पण आधी वाटणी करणं तर साधेल?

महाभारतात यक्ष युधिष्ठिराला विचारतो, सुखी कोण? युधिष्ठिराच्या उत्तराचा एक अर्धा भाग आपल्या बैठकांत फार ऐकू येतो: परगावी भटकत न राहता जो आपल्या घरी साधी भाजी शिजवून खातो तो सुखी. गावी परतू पाहणाऱ्याला हे ऐकून भरून येतं. पण त्याच उत्तरात आणखी एक अट आहे, कर्ज नसलेला. परतणं आणि फेडणं त्यानं एकत्र सांगितलं आहे. कर्ज तसंच ठेवून, किंवा भावंडांच्या नकळत त्यांच्यावर सरकवून, आपल्या अंगणात शिजवलेल्या भाजीची चव काय लागेल?

म्हणून क्रमाला महत्त्व आहे असं आम्हाला वाटतं. आधी घरात सगळा आकडा सांगणं, मग भावंडांशी बोलणं, मग वाटणी किंवा लेखी संमती, मग फ्लॅटची विक्री आणि बँकेचं निल, आणि शेवटी पाया. उलट्या क्रमानं गेलेल्यांचे हाल होतात. पाया आधी घातला तर शहरातला हप्ता, गावातला सिमेंटचा खर्च आणि मधल्या काळाचं भाडं, तिन्ही एकदम अंगावर येतात. बांधकामासाठी बँकेकडे जावं तर सामाईक जमिनीवर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय ती दारात उभं करत नाही. शेतजमीन असेल तर ती बिगरशेती करून घ्यावी लागते. गोव्यात त्याला सनद म्हणतात, बडोद्याकडे बिनखेती, इंदूरकडे डायव्हर्शन. नाव कुठलंही असो, त्यात महिने जातात. हे महिने फुकट गेले असं समजू नये. भावंडांशी बोलायला तेवढा वेळ लागतोच.

एका साधक कुटुंबाचं सांगतो. त्यांच्या परवानगीनं, आणि आकडे थोडे बदलून. राहणं हैदराबादला, मूळ गाव खानापूर तालुक्यात. खड्डा साडेपाच लाखांचा. दादांनी गाडी विकली, दीड वर्ष भाड्याच्या दोन खोल्यांत काढलं आणि फरक भरून फ्लॅट मोकळा केला. गिऱ्हाइकाला गच्चीतून गळतं हे स्वतःहून दाखवलं, त्यापायी भाव आणखी 40 हजारांनी उतरला. वहिनींचं यावर अजूनही म्हणणं आहे की एवढं बोलायची गरज नव्हती, आणि त्यांचा मान राखून आम्ही तो वाद इथं सोडवत नाही.

जमिनीत चार हिस्से. थोरली बहीण म्हणाली, मला काही नको, माझं तुला दिलं. दादांनी लगेच होकार दिला नाही. सहा महिन्यांनी, सण-वार नसताना, तिच्या घरी जाऊन, मेहुण्यांसमोर पुन्हा विचारलं. ती तेच म्हणाली, तेव्हा घेतलं. आता तेवढ्याच मनानं दिलेलं आणखी नाकारणं म्हणजे आपला चांगुलपणा मिरवणं झालं असतं. काकांना रस्त्याकडेची जागा हवी होती. ती त्यांना गेली. दादांचं घर मागच्या बाजूला होईल, विहिरीजवळ, आणि गाडीवाट काढायला जादा खर्च येईल. धाकटी बहीण मात्र म्हणाली, मला माझा हिस्सा हवा. तिचा नवरा आजारी आहे, पुढचं काय सांगता येत नाही. आईला हे लागलं. दोन महिने आई तिच्याशी फोनवर नीट बोलत नव्हती. दादांनी आईला सांगितलं, ती मागते ते तिचं आहे, माझ्यातलं नाही.

मोजणी झाली आहे. चारही हिस्स्यांच्या कोपऱ्यांवर दगड पुरलेत. पाया अजून खणलेला नाही, कारण धाकटीला आपल्या हिश्श्याची हद्द स्वतः येऊन बघायची आहे आणि नवऱ्याचे उपचार चालू असेपर्यंत तिला निघता येत नाही. गवंडी दर आठवड्याला फोन करतो. दादा त्याला थांब म्हणतात.